चोवीस सेल आणि एक नरसाळं

गाडीच्या बॅटरीत पाणी घालायचं असतं, हे आज गाडी चालवणाऱ्या निम्म्या लोकांना माहीतही नसेल. बॉनेट उघडलं की वरून गुळगुळीत, बंद डबा. पण त्याच घरात जिन्याखाली नाहीतर पॅसेजमध्ये इन्व्हर्टरची बॅटरी असते. तिला मात्र सहा बुचं असतात, प्रत्येक बुचातून एक बारकी दांडी डोकावत असते, आणि ती दांडी खाली गेली की धावा, 'बॅटरीचं पाणी' आणा. दोघींच्या पोटात तेच शिसं, तेच ॲसिड. मग एकीला तहान आणि दुसरीला नाही, असं का?

हा प्रश्न भाच्याने विचारला आणि माझी पंचाईत झाली. उत्तर शोधता शोधता दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागलं आणि वाटेत आमचे मामा भेटले. नातेवाईक मंडळींना मामा ठाऊक आहेतच. बाकीच्यांसाठी: मामांची अख्खी नोकरी पुण्यातल्या एका टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये गेली. त्यांच्याकडे मी नंतर येते, आधी मूळ कथा.

१८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने शिशाचे दोन पत्रे घेतले, मधे कापड घालून त्यांची गुंडाळी केली आणि ती पातळ केलेल्या ॲसिडमध्ये बुडवली. वीज भरली की राहायची, आणि हवी तेव्हा परतही मिळायची. पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी ती हीच. अडचण एकच, तो पत्रा 'तयार' व्हायला महिनोन् महिने भरा-रिकामं-करा चालायचं. १८८१ साली कामिय फोर याने त्यावर तोड काढली: पत्र्यावर आधीच लेप द्यायचा. लेप कशाचा, तर शेंदराचा! शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. आपल्याकडे म्हसोबाला फासतात तोच शेंदूर ॲसिडमध्ये कालवून त्याने शिशाला फासला आणि बॅटरीची ताकद कितीतरी वाढली. (हे वाचलं तेव्हा मी एकटीच हसत बसले होते.)

पण लेप नुसत्या पत्र्यावर टिकेना, गळून पडायचा. म्हणून जाळी आली. शुद्ध शिसं इतकं मऊ की नखाने ओरखडा निघतो, त्याची जाळी वाकायची. त्याच १८८१ साली जॉन सेलन या इंग्रजाने शिशात अँटिमनी हा धातू मिसळला. जाळी कडक झाली, ओतायला सोपी झाली आणि लेपाला घट्ट धरून राहू लागली. बॅटरीच्या तहानेची गोष्ट सुरू होते ती इथे, पण हे कळायला मधे बराच काळ जावा लागला.

आत काय चालतं ते १८८२ मध्ये ग्लॅडस्टन आणि ट्राइब या दोघांनी मांडलं. बॅटरी वीज देते तेव्हा ॲसिड दोन्ही पत्र्यांत शिरतं आणि त्याच्या जागी पाणी तयार होतं. वीज भरली की ॲसिड पत्र्यांतून बाहेर येतं. म्हणून रिकाम्या बॅटरीतलं पाणी पातळ, भरलेलीतलं जड. हायड्रोमीटरची काचेची नळी हेच मोजते. इथपर्यंत पाणी कुठेच कमी होत नाही, सगळा हिशेब घरातल्या घरात. पाणी जातं ते भरून झाल्यावरही वीज देत राहिलं तर. पत्र्यांना आता काही नको असतं, मग ती वीज पाण्यालाच फोडते. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे होऊन पाणी बुचातून निघून जातं. हिशेब अगदी ठरलेला आहे. एक अँपिअर-तास जादा गेला की एका सेलमधून साधारण एक-तृतीयांश ग्रॅम पाणी उडतं. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल, म्हणजे दोन ग्रॅम. रोज पाच अँपिअर-तास जास्त गेले तर महिन्याला सुमारे तीनशे मिली, दीड पेला धरा.

आणि जातं ते फक्त पाणी. ॲसिड आतच राहतं. म्हणून वरून घालायचं तेही फक्त पाणी, ॲसिड कधीच नाही. हे वाक्य मामांनी आयुष्यात किती जणांना सांगितलं असेल कोण जाणे.

मामांची बॅटरी रूम मी लहानपणी एकदाच पाहिली, तीसुद्धा दारातून. आत ॲसिडने न खराब होणाऱ्या फरशा, भिंतीत घरघरणारा पंखा आणि लाकडी घोड्यांवर रांगेने मांडलेले चोवीस सेल. एकेक सेल दोन व्होल्टचा, चोवीस मिळून अठ्ठेचाळीस. घरातली वीज गेली तरी फोन चालू राहायचा हे पूर्वीच्या लोकांना आठवत असेल. तो या अठ्ठेचाळीस व्होल्टवर चालायचा. शहरात अंधार असला तरी डॉक्टरांना फोन लागायचा, तो या खोलीमुळे. कोपऱ्यात सोड्याच्या पाण्याची बादली, अंगावर ॲसिड उडालं तर फरशीला आणि कपड्यांना लावायला. आजीची तक्रार असायची की मामांची सुती पँट कामावरून येते तेव्हा धड दिसते आणि धुतली की चाळण होते. ते खरंच आहे, ॲसिड सुताला आतून खातं आणि भोकं पडतात ती धुतल्यावर. टेरीलीनची पँट मात्र टिकायची. मामा नोकरीभर टेरीलीन घालत आले त्यामागे फॅशन नव्हती!

खोलीत एक रजिस्टर असे. चोवीसांतला एक 'पायलट सेल' ठरवलेला, त्याचं रीडिंग नेमाने घ्यायचं आणि सगळ्या सेलांचं ठरल्या दिवशी. भरलेल्या सेलचं रीडिंग १.२००. मामा त्याला नुसतं 'बाराशे' म्हणत. तेही २७ अंश तापमानाला. खोली त्याहून गरम असेल तर दर अंशाला ०.०००७ मिळवायचे. पुण्याच्या एप्रिलमध्ये ही बेरीज न करता आकडा लिहिला तर साहेबांच्या लाल शाईची रेघ ठरलेली. कोणत्या सेलला किती पाणी लागलं तेही त्यात लिहायचं. मामांच्या मते रजिस्टरातला तोच रकाना सगळ्यात बोलका. बाकीचे तेवीस जेवढं पितात त्याच्या दुप्पट एखादा प्यायला लागला, की तो आजारी आहे हे मीटरच्या आधी समजायचं.

पाणी घालण्याची वेळही ठरलेली: चार्जिंग झाल्यावर. आधी नाही. हा नियम उलटा वाटतो, पण कारण साधं आहे. रिकाम्या बॅटरीत द्रवाची पातळी खाली असते, भरताना ती फुगून वर येते. आधीच गळ्यापर्यंत पाणी घातलं तर चार्जिंगमध्ये ते ॲसिडसकट बाहेर सांडतं. सांडलेलं ॲसिड गेलं ते गेलंच, पुढच्या वेळी आपण त्याच्या जागी पाणी ओततो, आणि बॅटरी हळूहळू पांचट होत जाते. अपवाद एकच. पत्रे उघडे पडले असतील तर ते बुडतील इतकंच पाणी आधी घालायचं, मग चार्जिंग, मग उरलेलं. उघडा पडलेला पत्रा हवेत वाळतो, कडक होतो, आणि तेवढा भाग पुन्हा फारसा कामाला येत नाही.

आता मी तुम्हाला एकदम गोल्फच्या मैदानावर नेणार आहे. कारण हेच चोवीस सेल तिथे पुन्हा भेटतात.

मामा निवृत्त झाल्यावर ओळखीतून एका गोल्फ क्लबाने त्यांना बोलावलं. त्यांच्या विजेच्या गाड्या, त्या छपराच्या छोट्या कार्ट, दुपारनंतर मधेच बंद पडायच्या आणि ढकलत आणाव्या लागायच्या. मामांनी सीट उचलून पाहिलं. सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या, प्रत्येकीला तीन बुचं, म्हणजे चोवीस. अठ्ठेचाळीस व्होल्ट. घरी येऊन म्हणाले, "अगं, आमचं एक्स्चेंजच चाकांवर ठेवलंय!" फरक एवढाच की तिथे रजिस्टर नव्हतं. पाणी घालायचं काम ज्याला सवड होईल त्याचं, म्हणजे कुणाचंच नाही. कोणी संध्याकाळी गाडी आल्या आल्या, चार्जिंगला लावायच्या आधी बुचापर्यंत भरायचं. सकाळी ट्रेमध्ये ॲसिडचं तळं आणि वायरींच्या टोकांना पांढरा-निळा कीस. मधल्या बॅटऱ्यांपर्यंत हात पोचत नाही म्हणून त्या कोरड्या. मामांनी तिथे दोनच गोष्टी केल्या. पाणी सकाळी, चार्जर काढल्यावर घालायचं. आणि दारामागे एक वही टांगली.

गोल्फ कार्ट ही अमेरिकेची वस्तू, १९५०च्या दशकात तिकडच्या मैदानांवर पसरली. सुरुवातीच्या गाड्यांत सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या असत, पुढे आठ झाल्या. त्यासाठी खास जाड पत्र्यांच्या बॅटऱ्या तयार झाल्या, कारण हे काम गाडीच्या बॅटरीपेक्षा अगदी वेगळं. गाडीची बॅटरी दोन-तीन सेकंद जोरात धक्का देते, इंजिन सुरू झालं की तिची सुट्टी. तिच्यातले जेमतेम दोन-तीन टक्के खर्च होतात. कार्टची बॅटरी रोज अर्धी रिकामी होते आणि रात्रभर भरली जाते. जहाजी हमाल आणि पैलवान यांच्यात असतो तसला फरक. आपल्याकडे २००१ मध्ये बंगलोरला निघालेली 'रेवा' ही विजेची छोटी मोटारसुद्धा पोटातून याच जातीची होती: सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या, म्हणजे पुन्हा चोवीस सेल, आणि पाण्याची तीच निगा.

मग गाडीची बॅटरी बिनपाण्याची कशी झाली? गंमत अशी की ती वाटही टेलिफोन एक्स्चेंजमधूनच निघाली. १९३५ साली अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजच्या हेरिंग आणि टॉमस यांनी टेलिफोनच्या बॅटऱ्यांसाठी अँटिमनी काढून टाकून शिशात किंचित कॅल्शियम मिसळलं. कारण तोवर अँटिमनीचं बिंग फुटलं होतं. तो धन पत्र्याच्या जाळीतून थोडा थोडा विरघळतो, ॲसिडमधून पोहत ऋण पत्र्यावर जाऊन बसतो, आणि तिथे हायड्रोजनला वाट मोकळी करून देतो. मग कमी व्होल्टेजलाच बुडबुडे सुरू. बॅटरी जितकी जुनी तितका अँटिमनी जास्त साचलेला, आणि तितकी तहान जास्त. आपल्या घरच्या बॅटरीला पहिल्या वर्षी क्वचित पाणी लागतं आणि चौथ्या वर्षी सारखं लागतं, ते यामुळे. दुकानदाराने फसवलं असं नसतं, निदान दर वेळी नसतं.

कॅल्शियमच्या जाळीला तहान अगदी थोडी. १९७०च्या दशकापासून अमेरिकेत गाड्यांच्या बॅटऱ्या तशा होत गेल्या, पुढे आपल्याकडेही. मग सगळ्याच बॅटऱ्या तशा का नाही केल्या? कारण रोज खोलवर रिकामं होण्याचे हाल कॅल्शियमच्या साध्या जाळीला सोसत नाहीत. जाळी आणि लेप यांची पकड सुटते, ताकद अवेळी जाते. त्या कष्टाला अँटिमनीच लागतो. म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीला किंवा गोल्फ कार्टला पाणी लागतं हे तिचं मागासलेपण नाही. रोज राबायचं असेल तर अँटिमनी हवा, आणि अँटिमनी हवा असेल तर पाणी घालणारा माणूस हवा. भाच्याला हे उत्तर पटलं. त्याचा पुढचा प्रश्न होता: मग आपल्या घरात तो माणूस कोण?

त्यासाठी पुण्याकडे यावं लागेल.

बॅटरी पुण्याला नवी नाही. आज एक्साइड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने आपला दुसरा कारखाना १९६९ मध्ये चिंचवडला काढला. पण घराघरात बॅटरी आली ती भारनियमनामुळे. दाभोळचा पहिला टप्पा, ७४० मेगावॉटचा, मे १९९९ ला सुरू झाला आणि मे २००१ ला बंद पडला. मागणी वाढत राहिली, नवी वीज आली नाही. जून २००५ मध्ये वीज मंडळाची विभागणी होऊन महावितरण अस्तित्वात आली तेव्हा राज्यात विजेचा मोठा तुटवडा होता. पुण्यात रोज काही तास अंधार. आमच्या जालन्याच्या आत्याकडे दहा-बारा तास, तिला पुण्याच्या तक्रारींचं हसू यायचं. (गुरुवारी पुण्यात दुरुस्तीसाठी लाइट नाही आणि बऱ्याचदा नळाला पाणीही नाही, हे वेगळंच. पुणेकराने गुरुवारचा उपास धरला तो दत्तासाठीच की कसं, अशी शंका येते.)

त्या दोन वर्षांत आमच्या सोसायटीत बहुतेक प्रत्येक घरात इन्व्हर्टर आला. कुठे ठेवायचा? जिन्याखाली, पडदा लावून. कुणाकडे पॅसेजमध्ये, देवघराला लागून. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो. मामांच्या खोलीत काडी पेटवायला बंदी होती आणि इथे शेजारी समई. मामांनी ज्यांच्या ज्यांच्याकडे हे पाहिलं त्यांना आपली जागा बदलायला लावली. काहींना राग आला.

इन्व्हर्टर घेऊन आपण काय केलं, याचा मी पुष्कळ विचार केलाय. बॅटरी-इन्व्हर्टरमधून परत मिळते ती भरलेल्या विजेच्या साधारण दोन-तृतीयांश. म्हणजे अंधारात वापरलेल्या एका युनिटसाठी उजेडात दीड युनिट ओढायचं, आणि तेही तुटवडा असलेल्या त्याच तारेतून. माझ्या घरचा पंखा फिरावा म्हणून आत्याच्या गावचा अंधार थोडा वाढत होता. हे कुणी वाईटपणाने करत नव्हतं. म्हाताऱ्या माणसांची घरं, परीक्षा असलेली मुलं, कुणाचं नेब्युलायझर. पण हिशेब हाच होता.

याला एक वेगळं उत्तर पुण्यानेच काढलं, आणि आज ते फारसं कुणाच्या लक्षात नाही. शहराची तूट सुमारे ९० मेगावॉट होती. कारखान्यांकडे स्वतःचे जनरेटर होतेच. उद्योगांच्या सीआयआय या संघटनेने पुढाकार घेतला, 'प्रयास' या पुण्यातल्या अभ्यासगटाने मदत केली: टंचाईच्या वेळी कारखान्यांनी आपले जनरेटर चालवायचे, त्यांची वाचलेली वीज शहराला द्यायची, आणि डिझेलचा जादा खर्च पुण्याच्या ग्राहकांनीच भरायचा. महिन्याला ३०० युनिटच्या आत वापर असलेल्या घरांवर तो बोजा नाही. वीज नियामक आयोगाने परवानगी दिली आणि जून २००६ पासून पुणे भारनियमनमुक्त झालं. 'पुणे मॉडेल' म्हणतात ते हेच. श्रीमंत शहराने पैसे मोजून उजेड घेतला अशी टीका झाली, ती अगदीच खोटी नाही. तरी जिन्याखालच्या हजारो बॅटऱ्यांपेक्षा मला तो मार्ग बरा वाटतो. निदान किंमत बिलावर छापून येत होती आणि दुसऱ्याच्या वाट्याची वीज त्यासाठी ओढावी लागत नव्हती.

राज्याच्या उरलेल्या भागातलं भारनियमन २०१२ च्या अखेरीपर्यंत बरंच आटोक्यात आलं, गळती आणि थकबाकी जास्त असलेले भाग सोडून. पुण्यातल्या बॅटऱ्यांचं काय झालं? त्या मेल्या. आणि बहुतेक मेल्या त्या वीज नियमित झाल्यानंतर. अंधार रोज पडायचा तेव्हा घरातलं कुणीतरी दांडीकडे बघायचं, कारण रात्री पंखा लवकर थांबला की सगळे ओरडायचे. वीज नियमित झाल्यावर इन्व्हर्टर विस्मरणात गेला. पण चार्जर मात्र रात्रंदिवस थोडी थोडी वीज देतच राहिला, बुडबुडे निघतच राहिले. वर्षभराने कधीतरी वीज गेली, इन्व्हर्टर पाच मिनिटांत कुईं कुईं करून गप्प, आणि बुच काढून पाहावं तर पत्रे पापडासारखे कोरडे. आमच्या एकट्या इमारतीत मी अशा चार मोजल्या. चारही भंगारात गेल्या आणि घेणाऱ्याने ॲसिड गटारात ओतून वजन केलं. तसं करायला २००१ च्या नियमांनीही परवानगी नव्हती आणि २०२२ च्या नव्या नियमांनीही नाही. जुनी बॅटरी विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलन-पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यायची असते.

मामांच्या एक्स्चेंजमध्ये नव्वदच्या दशकात बंद डब्याच्या बॅटऱ्या आल्या. त्यांत वायू आतल्या आत पुन्हा पाणी होतो, बुच नाही, नरसाळं नाही, रजिस्टर नावापुरतं. साहेब खूश. मामांना त्या कधी आवडल्या नाहीत आणि त्याचं कारण नुसतं जुन्याचं प्रेम नव्हतं. या बॅटऱ्यांना उकाडा सोसत नाही. दर दहा अंश वाढले की आयुष्य निम्मं, असा ठोकताळा आहे. खोलीचा एसी बंद पडला की त्याही सुकतात, फक्त आत डोकावता येत नाही आणि पाणीही घालता येत नाही. पूर्वी सेल तहानलेला आहे हे सांगायचा, हा सांगत नाही, असं ते म्हणत.

आता लिथियम आलंय. कार्टमध्ये, रिक्षांमध्ये, हळूहळू इन्व्हर्टरमध्येही. त्याला पाणी लागत नाही. पण शिशाची बॅटरी स्वस्त पडते आणि जिन्याखाली अजून तीच जास्त दिसते, तेव्हा पाण्याचं एकदा सांगून टाकते, कारण विचारणारे पुष्कळ असतात. पाणी डिस्टिल्डच हवं. नळाच्या पाण्यातले क्षार आणि लोह आत बसून बॅटरीला आतल्या आत रिकामी करतात. फिल्टरचं पाणी चालत नाही. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी काही पुणेकर बाटलीत धरून ठेवतात. काटकसर म्हणून कौतुक आहे, पण त्यात तांब्याच्या नळ्यांवरची सगळी धूळ येते. नरसाळं प्लॅस्टिकचं. दांडी हिरव्या खुणेपर्यंत वर आली की थांबायचं, डबा भरायचा नसतो. आणि आधी चार्जिंग पूर्ण होऊ द्यायचं.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या आईने परस्पर देऊन टाकलं. दिवाळीत मामा त्यांच्याकडे गेले होते तेव्हा त्यांनी त्याला हायड्रोमीटर दिला, आणि बॅटरीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारखांचा तक्ता आखून दिला. सहा सेल, सहा रकाने. परवा त्याचा फोन आला होता: तिसऱ्या नंबरचा सेल बाकीच्यांपेक्षा जास्त पितोय.